पार्नेलचा अपराध, जॉइसची साक्ष

जेम्स जॉइस याच्या 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहातील 'आयव्ही डे इन द कमिटी रूम' ही कथा घटनांच्या दृष्टीने पाहिली तर अगदी क्षीण आहे. डब्लिन शहरातले एका उमेदवाराचे निवडणूक कार्यालय, बाहेर पाऊस, आत विझत आलेला विस्तव, आणि मतांसाठी दारोदार हिंडून दमलेले, आपली मजुरी कधी हातात पडणार या विवंचनेत असलेले काही प्रचारक. निवडणूक महापालिकेची. उमेदवाराविषयी कुणालाच खरी आस्था नाही. त्याने पाठवायचे कबूल केलेल्या स्टाउटच्या बाटल्या केव्हा येतात, याकडे मात्र सर्वांचे लक्ष आहे. दिवस ६ ऑक्टोबरचा. चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल याचा तो स्मृतिदिन, म्हणून दोघांच्या कोटावर आयव्हीच्या वेलीचे पान खोचलेले आहे.

बोलता बोलता विषय निघतो तो राजा सातवा एडवर्ड याच्या येऊ घातलेल्या आयर्लंडभेटीचा. त्याचे स्वागत करावे की नाही? हेन्ची म्हणतो, अवश्य करावे. राजा आला की देशात पैसा येईल. लायन्स जरा चाचरत राजाच्या खाजगी वर्तनाकडे बोट दाखवतो. हेन्ची ते हसण्यावारी नेतो. राजा काय, तुमच्याआमच्यासारखाच माणूस. थोडा रंगेल असेल, चालायचेच. त्यावर लायन्स विचारतो की मग पार्नेलचे काय? त्याने जे केले त्यानंतर तो आपले नेतृत्व करण्यास लायक उरला नाही असे आपण ठरवले. तोच माप एडवर्डला का नको?

हा प्रश्न कथेच्या उत्तरार्धात येतो आणि कुणीही त्याचे उत्तर देत नाही. ओ'कॉनर म्हणतो, आज त्याचा स्मृतिदिन आहे, कटुता नको. तो गेला, आता आपण सारेच त्याला मान देतो. विस्तवाजवळ ठेवलेल्या बाटलीचे बूच उडते. विषय संपतो.

जॉइसवरील बहुतेक टीकालेखनात या कथेचे वर्णन राजकीय ऱ्हासाचे चित्र असे केले जाते, आणि ते खरेही आहे. मला मात्र लायन्सचा तो अर्धवट राहिलेला प्रश्नच कथेचा गाभा वाटतो. सारखाच दोष असताना लोक एका सत्ताधीशाला क्षमा करतात आणि दुसऱ्याला जमिनीत गाडतात, हे का? आपल्याकडच्या वाचकाला पार्नेल फारसा परिचित नाही. पण ज्या 'होमरूल' शब्दाने टिळक आणि बेझंटबाई यांनी १९१६ मध्ये आपल्या चळवळी उभ्या केल्या, तो शब्द आयर्लंडहून आला, आणि त्या शब्दाला पार्लमेंटात वजन मिळवून दिले ते पार्नेलने. म्हणून त्याची हकिगत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे.

पार्नेल १८४६ मध्ये विक्लो परगण्यात जन्मला. घराणे प्रॉटेस्टंट, जमीनदाराचे, आई अमेरिकन. अशा घरातला हा अबोल, थंड स्वभावाचा माणूस कॅथॉलिक कुळांचा पुढारी झाला, हे एकोणिसाव्या शतकातले एक नवलच आहे. १८७९ मध्ये तो लँड लीगचा अध्यक्ष झाला. १८८० च्या सप्टेंबरात एनिस येथील भाषणात त्याने लोकांना एक नवे शस्त्र दिले: बेदखल केलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, बाजारात, दुकानात, फार काय देवळातसुद्धा बोलू नका; पूर्वी कुष्ठरोग्याला टाकत तसे त्याला टाका. काही आठवड्यांतच मेयो परगण्यातील कॅप्टन बॉयकॉट याच्यावर ते शस्त्र चालले आणि इंग्रजी भाषेला एक क्रियापद मिळाले. आपल्या राजकारणातला 'बहिष्कार' त्याच कुळातला. दहाच वर्षांनी हे शस्त्र ते देणाऱ्यावरच उलटले.

१८८५ च्या निवडणुकीत पार्नेलच्या पक्षाचे ८६ सभासद निवडून आले. ग्लॅडस्टनने होमरूलचे विधेयक आणले, ते १८८६ च्या जूनमध्ये ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी पडले. पण स्वराज्य हा आता वेडगळ हट्ट राहिला नव्हता. १८८७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने पार्नेलच्या सहीचे एक पत्र छापून त्याचा खुनांशी संबंध जोडला. चौकशी आयोगापुढे १८८९ च्या फेब्रुवारीत हे पत्र रिचर्ड पिगॉट नावाच्या इसमाने बनवल्याचे उघड झाले. 'हेझिटन्सी' या शब्दातली एक स्पेलिंगची चूक त्याला भोवली. पिगॉट माद्रिदला पळाला आणि तेथे त्याने स्वतःला गोळी घातली. त्यानंतर पार्नेल सभागृहात आला तेव्हा विरोधी बाकांवरचे उदारमतवादी सभासद उभे राहिले. अपमानाने वाकलेल्या एका राष्ट्राची मान त्या क्षणी त्याच्या रूपाने ताठ झाली.

त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला कॅप्टन विल्यम ओ'शे याने घटस्फोटाचा दावा लावला; प्रतिवादी म्हणून पार्नेलचे नाव. कॅथरिन ओ'शे आणि पार्नेल यांचा संबंध १८८० पासूनचा होता, त्यांना मुले झाली होती. मंत्रिमंडळातल्या मंडळींना हे १८८२ पासून ठाऊक होते. कॅप्टनसाहेबांनाही ते ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे; १८८६ मध्ये पार्नेलने आपल्याच सहकाऱ्यांचा विरोध मोडून त्यांना गॉलवेहून पार्लमेंटात पाठवले होते. पत्नीच्या वृद्ध, धनाढ्य मावशीकडून वारसा येईल या आशेने ते थांबले होते. मावशी १८८९ च्या मे महिन्यात वारली, आणि कॅप्टनची नीतिमत्ता त्यानंतर जागी झाली.

१८९० च्या नोव्हेंबरात खटला उभा राहिला. पार्नेलने बचाव केला नाही. निकाल लागला तर दोघांना रीतसर विवाह करता येणार होता. पण बचाव नाही म्हणजे उलटतपासणी नाही, आणि मोलकरणीने सांगितलेली, पार्नेल आगीच्या वेळी उतरण्याच्या शिडीवरून निसटला ही कथा तशीच राहिली. लंडनच्या विनोदी रंगभूमीवर ती शिडी कित्येक महिने गाजली. इथे पहिला धागा सापडतो. पापाला लोक क्षमा करतात. आपल्या माणसाच्या पापामुळे परक्यांनी हसावे, हे त्यांना सोसत नाही. पिगॉटच्या वेळी पार्नेलमुळे मान ताठ झाली होती. आता त्याच्यामुळेच ती खाली गेली.

याच सुमाराच्या इंग्लंडकडे पाहा. लॉर्ड हार्टिंग्टन हा उदारमतवादी पक्षाचा मोठा मोहरा. १८८६ मध्ये होमरूलला विरोध करून ज्यांनी पक्ष फोडला त्यांचा अग्रणी. मँचेस्टरच्या डचेसशी त्याचे संबंध कित्येक वर्षांचे. तिचा नवरा हयात होता. इंग्लंडच्या वरिष्ठ वर्तुळात हे कुणाला ठाऊक नव्हते? पण प्रकरण न्यायालयात गेले नाही आणि त्यावर सार्वजनिक नापसंतीचा एक शब्द निघाला नाही. ड्यूक १८९० मध्ये वारला. हार्टिंग्टनने १८९२ मध्ये त्या बाईंशी विवाह केला आणि तोवर तो स्वतःच डेव्हनशरचा ड्यूक झाला होता.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, फरक न्यायालयाचा. तो आहेच. सर चार्ल्स डिल्क हा भावी पंतप्रधान मानला जाणारा पुढारी १८८६ मध्ये अशाच घटस्फोटाच्या खटल्यात बुडाला. पण डिल्कला १८९२ मध्ये नव्या मतदारसंघाने पुन्हा पार्लमेंटात पाठवले. पार्नेल त्याआधीच मातीखाली गेला होता. न्यायालयाने वाच्यता झाली हे खरे. तिने क्रौर्याची सुरुवात कळते, त्याची खोली कळत नाही.

दुसरे स्पष्टीकरण जॉइसच्या वाचकांना सर्वांत परिचित आहे, आणि आपल्या पत्रिकेच्या वाचकांनी ते टाळून पुढे जाऊ नये: बिशपांनी पार्नेलला मारले. 'अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट अॅज अ यंग मॅन' (१९१६) या कादंबरीतील नाताळच्या जेवणाचा प्रसंग ज्याने वाचला आहे, त्याच्या मनातून तो पुसणे अवघड. टेबलावर टर्की, मोठ्यांच्या पंगतीत पहिल्यांदाच बसलेला छोटा स्टीफन, आणि वडील, त्यांचे मित्र केसी व डँटे रिओर्डन या बाईंमध्ये पेटत गेलेले भांडण. डँटे म्हणते, धर्मगुरू बोलले की ऐकायचे. तो उघड पापी होता. वडील म्हणतात, म्हणून काय इंग्रजांच्या सांगण्यावरून त्याला टाकायचे? वाद संपतो तेव्हा डँटे दार आपटून निघून जाते, केसी हुंदके देत असतो आणि मुलाला वडिलांच्या डोळ्यांत पाणी दिसते.

इतक्या थोड्या जागेत एका समाजाची फाटाफूट दाखवणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. पण साहित्य म्हणून तो जितका श्रेष्ठ, तितकाच साक्ष म्हणून अपुरा आहे. तारखा पाहाव्यात. निकाल १७ नोव्हेंबरचा. पुढच्या दिवसांत डब्लिनमध्ये पाठिंब्याच्या सभा झाल्या. २५ नोव्हेंबरला आयरिश पक्षाने पार्नेललाच पुन्हा अध्यक्ष निवडले. तोवर नैतिक आरोळी उठली होती ती आयर्लंडच्या मिस्सेला जाणाऱ्यांत नव्हे, तर इंग्लंडच्या मेथडिस्ट व्यासपीठांवर. ह्यू प्राइस ह्यूजेस हा तिचा अग्रणी. आपल्या पक्षाचा मोठा आधारच खचतो आहे हे ग्लॅडस्टनने ओळखले आणि पार्नेल राहिला तर माझे नेतृत्व निरर्थक होईल, अशा आशयाचे पत्र प्रसिद्ध केले. त्यानंतर पार्लमेंटाच्या पंधरा क्रमांकाच्या खोलीत पक्ष फुटला. आयरिश बिशपांच्या समितीचे पत्रक आले ते ३ डिसेंबरला.

लोक बिशपांचे ऐकून चालतात, हेही तितकेसे खरे नव्हते. १८८३ मध्ये पार्नेलवरील कर्ज फेडण्यासाठी वर्गणी सुरू झाली तेव्हा रोमने परिपत्रक काढून धर्मगुरूंना तिच्यात भाग घेण्यास मनाई केली. परिणाम असा झाला की वर्गणीचा ओघ वाढला आणि अखेर सुमारे ३७ हजार पौंड जमले. ज्या समाजाने रोमचा शब्द इतक्या सहज बाजूला ठेवला, तो सात वर्षांनी निव्वळ आज्ञाधारकपणाने वागला असे कसे म्हणता येईल? पुढे पोटनिवडणुकांत धर्मगुरूंनी जोर लावला, हे नाकारायचे कारण नाही. १८९२ मध्ये तर मीथमधल्या, म्हणजे पार्नेलच्याच पहिल्या परगण्यातल्या, दोन्ही निवडणुका धर्मगुरूंच्या दडपणाच्या कारणावरून न्यायालयाने रद्द केल्या. पण लाट उठल्यावर तिच्यावर स्वार होणे वेगळे आणि लाट उठवणे वेगळे.

असे असले तरी बिशपांचा यातला दोष मला लहान वाटत नाही. तो जॉइस दाखवतो त्यापेक्षा वेगळा आहे, इतकेच. प्रश्न नीतीचा होता तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी बोलायला हवे होते. प्रश्न राजकारणाचा होता तर नीतीच्या भाषेत बोलायला नको होते. त्यांनी दोन आठवडे वाट पाहिली, ग्लॅडस्टनने भाव सांगितल्यावर ते बोलले, आणि बोलले ते पापाविषयी. सहाव्या आज्ञेचा उच्चार विधेयकाच्या हिशेबानंतर झाला, हे सामान्य माणसाच्या नजरेतून सुटले नसावे. डँटेला उत्तर देणाऱ्या दोघांचा संताप तिथून येतो. ते पार्नेल निर्दोष होता असे एकदाही म्हणत नाहीत. डँटे लायकीविषयी बोलते, ते निष्ठेविषयी बोलतात. दोघांचेही बरोबर आहे, आणि म्हणूनच ते भांडण सुटत नाही.

याच प्रसंगात जॉइसने एक तपशील ठेवला आहे. माझ्या मते तो इतिहासकारांच्या पानोपानी चाललेल्या चर्चेपेक्षा मोलाचा आहे. डँटेकडे दोन ब्रश होते. मरून मखमलीचा मायकेल डेव्हिटसाठी, हिरव्या मखमलीचा पार्नेलसाठी. पुढे एके दिवशी तिने कात्रीने ती हिरवी मखमल उचकटून टाकली. शिवाय स्टीफनला आठवते की इंग्लंडच्या राणीचे गीत वाजताना टोपी काढणाऱ्या एका गृहस्थाच्या डोक्यात याच बाईने छत्री घातली होती. म्हणजे ही बाई कुणी उपरी, इंग्रजधार्जिणी भाविक नाही. ती घरातल्या सर्वांइतकीच, कदाचित त्यांच्याहून कडवी देशभक्त आहे. आणि सर्वांत कठोर निवाडा तिचाच आहे.

इथे लायन्सच्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. एडवर्डवर कुणी आपल्या घरातली मखमल लावली नव्हती. त्याच्या चारित्र्यात त्या प्रचारकांचे काहीच गुंतलेले नव्हते. तो आला तर पैसा, न आला तर नाही. हेन्ची त्याला क्षमा करतो ती त्याला आपल्या पातळीवर उतरवून. हा उदारपणा फुकटचा आहे. पार्नेल त्यांच्यासारखा नव्हता, आणि त्यांना तो तसा नकोच होता. स्वतःचे राज्य चालवायला आयरिश माणूस लायक आहे का, असे शंभर वर्षे ज्या जनतेला विचारले जात होते, तिने आपले उत्तर म्हणून हा मनुष्य पुढे केला होता. त्याच्या खाजगी आयुष्याचा पंचनामा हा तिच्या लायकीचा पंचनामा ठरला. सत्ताधारी राष्ट्राचा सरदार घसरला तर तो एकटा घसरतो. हार्टिंग्टनच्या वर्तनावरून इंग्रज स्वराज्याला नालायक आहेत असे कुणी म्हटले असते का?

त्यातही जवळच्या माणसांचा राग आणखी एका कारणाने धगधगीत झाला. खटल्याआधी, आपण यातून निष्कलंक बाहेर पडू, असा दिलासा पार्नेलने डेव्हिटला दिला होता. त्या शब्दावर डेव्हिटने इतरांना शब्द दिला. पार्नेलच्या अबोलपणाचे त्याच्या चरित्रकारांनी फार कौतुक केले आहे. पण ज्यांनी त्याच्या वतीने मान डोलावली त्यांना तो अबोलपणा महागात पडला. व्यभिचाराइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, हा विश्वासघात त्यांना लागला. पुढे १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये प्रोफ्यूमो पडला तोही मूळ संबंधापेक्षा सभागृहात सांगितलेल्या खोट्यामुळे. पार्नेलच्या बाजूने भावुक होणाऱ्यांनी हे विसरू नये. टिमथी हीली हा एकेकाळी त्याचा चिटणीस. फुटीनंतर सर्वांत विषारी जीभ त्याचीच ठरली. नऊ वर्षांच्या जॉइसने त्याच्याविरुद्ध कविता लिहिली आणि अभिमानी बापाने ती छापून वाटली, ही हकिगत प्रसिद्धच आहे.

शेवटचे दहा महिने पार्नेल पोटनिवडणुकांमागून पोटनिवडणुका लढवत राहिला. उत्तर किलकेनी, उत्तर स्लायगो, कार्लो, तिन्ही ठिकाणी त्याचा उमेदवार हरला. किलकेनीच्या प्रचारात त्याच्या डोळ्यांत चुन्यासारखी पूड फेकली गेली. १८९१ च्या जूनमध्ये त्याने कॅथरिनशी विवाह केला. ६ ऑक्टोबरला तो वारला, वय ४५. ग्लासनेव्हिनच्या स्मशानभूमीत त्याला निरोप द्यायला अफाट गर्दी लोटली.

ही गर्दी कुठून आली? कमिटी रूममधले संभाषण याच प्रश्नाभोवती फिरते, आणि म्हणून कथेचा शेवट मला कादंबरीतल्या भांडणापेक्षा अधिक धारदार वाटतो. हाइन्स उठतो आणि पार्नेलच्या मृत्यूवर आपण रचलेली कविता म्हणतो. कविता वाईट आहे. राजा, विश्वासघात, अश्रू, उगवती पहाट असे सगळे ठरीव साहित्य तिच्यात आहे. जॉइसला ती वाईट आहे हे पुरते ठाऊक आहे, आणि तरी तो तिची थट्टा करत नाही. म्हणून संपल्यावर खोलीत जी शांतता पसरते ती खरी आहे. या खोलीतल्या माणसांनी १८९० मध्ये काय केले होते, कोण कुणाच्या बाजूला उभा होता, हे कथा सांगत नाही. दोष तोच आहे, समाज तोच आहे, दशनिया आज्ञांत बदल झालेला नाही. बदल एकच, तो मेला आहे. आता त्याच्यापायी कुणाला लाज वाटण्याची, काही गमावण्याची भीती नाही; म्हणून तो एडवर्डइतकाच सोयीचा झाला आहे. क्रॉफ्टन हा तर विरुद्ध पक्षाचा, हुजूरपक्षीय माणूस. तो म्हणतो, आमची मंडळी त्याला मान देतात, कारण तो सभ्य गृहस्थ होता. ज्याला काही गमवायचे नव्हते त्याला ही क्षमा सर्वांत स्वस्तात पडली. कविता उत्तम लिहिली आहे असा अभिप्रायही अखेर त्याच्याकडूनच घेतला जातो.

एक गोष्ट मात्र जॉइसकडूनही निसटली, असे मला वाटते. कमिटी रूममध्ये राजाचे नाव निघते, पार्नेलचे निघते, कॅथरिनचे निघत नाही. कादंबरीत ती येते ती गर्दीतल्या एका बाईच्या तोंडच्या शिवीतून, तीही केसीने मुलासमोर न उच्चारलेल्या. 'किटी' हे नाव तिला तिच्या माणसांनी दिलेले नव्हते. ते तिच्या शत्रूंनी चिकटवले, आणि आजही काही पुस्तकांत ते बेफिकिरीने वापरले जाते. 'डब्लिनर्स' निघाले त्याच १९१४ साली तिने पार्नेलच्या आठवणींचे दोन खंड प्रसिद्ध केले, त्याची तिला आलेली पत्रे त्यात छापली. ती १९२१ मध्ये लिटलहॅम्प्टन येथे वारली. आयर्लंडमध्ये त्या वेळी इंग्रजांविरुद्ध लढाई जुंपली होती, आणि हीलीला पुढच्याच वर्षी नव्या आयरिश राज्याचा पहिला गव्हर्नर-जनरल नेमण्यात आले.